एका दिवसाचा मांडव

मिलिंद गेला त्याला सव्वा महिना झाला. सकाळी सातला सुनीतावहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे उठंनात..." तसाच घरच्या कपड्यांवर धावलो. त्या दिवशी नुसतं रडू आलं. राग आला तो शोकसभेत, आणि तो अजून उतरलेला नाही म्हणून हे लिहायला बसलोय.

सभेत जालन्यातले एक कारखानदार बोलले. नाव लिहीत नाही, लिहिलं तर त्यांना जाहिरातच वाटायची. म्हणाले, मिलिंद खरा वृक्षप्रेमी, आमचं सुट्टीचं घर त्यानं एकही झाड न तोडता उभं केलं. लोकांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, त्याची लाज वाटते. तिथं बोललो नाही ते इथं बोलतो. शेठ, पाच तोडली. तुम्ही तोडली.

ते घर मला पायापासून माहीत आहे. नकाशा मिलिंदचा आणि लोखंड-काँक्रीटचं गणित माझं, असं आमचं पंचवीस वर्षं चाललं. जागा वडीगोद्रीच्या अलीकडं, रस्ता सोडून आत, कडुलिंबांची आणि पळसांची दाट झाडी. कागदावर रेघ ओढण्याआधी हा गडी ऐन मे महिन्यात रोज तिथं जाऊन बसायचा. प्रत्येक झाडाला नंबर दिला, कोणत्या वेळी सावली कुठवर येते तिथं चुन्याची फक्की टाकली. एका लिंबापायी सगळी पडवी वळवली तेव्हा मी वैतागलो, तुळया तिरक्या येतात, खर्च वाढतो म्हणालो. तर म्हणे, "तुळई सरकवता येती. लिंब कसा सरकवू, सांग." छपराचं पाणी मुळांकडं सोडलं, एसीला जागाच ठेवली नाही. शेठही खूश होते. दीड वर्ष बांधकाम चाललं, एक फांदी तुटली नाही...

मग वास्तुशांती ठरली. पाचशे माणसांचं जेवण, तर मांडव कुठं घालायचा? आदल्या आठवड्यात करवत लावून एका सकाळीत पाच लिंब आडवे केले. मांडव एका दिवसाचा! संध्याकाळी मांडववाल्यानं बांबू सोडले, टेम्पोत भरले आणि तो गेला. शेठना विचारलं तर हसून म्हणाले, झाडं परत लावू की, पाहुण्यांना उन्हात बसवायचं का? पाच लिंबांची सावली तोडायची, वर कापड बांधायचं आणि तोंड वर करून हे विचारायचं!

मिलिंद जेवला नाही. परतताना गाडीत मी तोंडाला येईल ते बोलत होतो. अंबड मागं पडल्यावर तो म्हणाला, "चूक माझीच हाय. झाडं मोजली, सावली मोजली. माणसं किती येतील, ते काढलंच न्हाई." मी भडकलो. करवत तू लावली का, म्हणून ओरडलो. पुढं त्या घराचा विषय त्यानं कधी काढला नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं, म्हणाल्या, अर्धवट कामं तुम्हीच बघा. त्याच्या टेबलावर घनसावंगीकडच्या एका मास्तरांच्या शेतातल्या घराचा नकाशा लावलेला होता. झाडांचे गोल होते, नंबर होते, घर अजून काढलंच नव्हतं. घराच्या आधी त्यानं मोकळ्या जागेत तुटक रेघांचा एक चौकोन काढला होता आणि आत बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मांडव, एक दिवस.'

माझं डोकंच फिरलं. करवत लावणाऱ्यांनी सभेत फुलं वाहिली आणि हा बाबा शेवटपर्यंत मांडवाला जागा काढत बसला. खोडायचं म्हणून रबर उचललं. चौकोनाला लागून चार नंबरचा लिंब होता. दोघांच्या मध्ये त्यानं बाण काढून लिहिलं होतं, 'आठ फूट सोडून.'

रबर ठेवून दिलं. मास्तरांना फोन लावला आणि विचारलं, घरभरणीला माणसं किती येतील?