साहेबांच्या बॉलची शस्त्रपूजा

अमेरिकन फुटबॉलमध्ये अख्ख्या सीझनभर एकही मॅच न हरता फायनलसुद्धा जिंकलेला एकच संघ होऊन गेला, आणि त्यातल्या एका खेळाडूची सही मी चिंचेनं घासून काढलेली आहे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा अबू धाबीतल्या रुवैसला एका तेल कंपनीत प्लॅनिंगमध्ये होतो. बायकोला, म्हणजे नीताला, अल ऐनच्या एका शाळेत नोकरी मिळाली होती आणि महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आमच्या कंपनीच्या अल ऐनच्या ऑफिसात एक जागा रिकामी होती. माझा बदलीचा अर्ज टेक्सासच्या हार्लन साहेबांच्या टेबलावर पडला होता. त्यांनी सही केली तर तिघं एकत्र, नाही केली तर नीता आणि आमची दहा वर्षांची मिनू अल ऐनला आणि मी इथे रिफायनरीच्या धुराड्यांकडे बघत एकटा खिचडी खाणार. मला ते अजिबात नको होतं! (खिचडीसुद्धा मला येत नव्हती.)

अशा वेळी हार्लन साहेब तीन आठवड्यांच्या रजेवर निघाले. त्यांच्या बंगल्यात रंगकाम चालू होतं, म्हणून जाताना त्यांनी एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "मिस्टर कॅनी," ते म्हणाले (माझं आडनाव कानिटकर, पण त्यांचा दम तिथपर्यंत पुरत नसे), "सेव्हंटी-टूचा आहे. तू व्यवस्थित माणूस आहेस. काळजी घे."

पिशवीत तो बॉल होता. पिकलेल्या पपईसारखा लांबुळका, तपकिरी, कळकट. एका बाजूला कुणीतरी काळ्या शाईनं गिरगटून ठेवलेलं.

"शी! कुठल्या मातीत लोळवलाय?" नीता म्हणाली.

"काळजी घ्यायला सांगितलंय," मी म्हणालो. आणि मी ती घेतली!

त्या वर्षी दसरा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी आला. आमच्याकडे ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं घासून पुसून पुजायचं असतं. पाटावर माझा कॅल्क्युलेटर, गाडीची किल्ली, नीताची खडूपेटी, मिनूची कंपासपेटी मांडून झाली. तेवढ्यात मला सुचलं (आणि इथे दोष संपूर्ण माझा) की अर्जाचं भवितव्य ज्यांच्या हाती, त्या साहेबांचं शस्त्र घरात असताना ते पुजायचं नाही म्हणजे काय?

"बॉल हे शस्त्र आहे का?" नीतानं विचारलं.

"तू तो खेळ बघितला नाहीस. नावाला फुटबॉल, पण एकजण बॉल काखेत मारून पळतो आणि उरलेले त्याच्या अंगावर पडतात. युद्धच आहे ते!"

मळकं शस्त्र पुजायचं नसतं. मी चिंच-मीठ घेऊन बसलो. मळ निघाला, पण त्या काळ्या गिरगोट्या हट्टी! मग नीताचं नेलपॉलिश काढायचं औषध कापसावर घेतलं, पुन्हा चिंच, पुन्हा कापूस. अर्ध्या तासात बॉल असा चकाकला की माझी मलाच धन्यता वाटली. हळद-कुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली, बदलीसाठी मनोभावे नमस्कार केला.

सोमवारी टेक्सासहून ऑफिसात फोन आला. "कॅनी, बॉल उन्हात ठेवू नकोस हं. ऑटोग्राफ फिका होईल."

मी म्हणालो, "नो सर. आता फिका नाही होणार."

(यात खोटं काहीच नव्हतं.)

घरी येऊन मी सोफ्यावर बसकण मारली. नीतानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आले की सरळ सांगून टाका."

"अर्जावर सही झाल्यावर सांगेन!"

"नाहीतर नवीन बॉल आणू? पन्नास दिरहमला मिळेल. म्हणजे पाचशे रुपये."

"अगं, बॉल पाचशेचा. सही कुठून आणू?"

ती आणायला मी शेजारच्या गोखल्यांकडे धावलो. त्यांच्याकडे कॉम्प्युटर होता, आणि कॉम्प्युटरमध्ये विश्वकोशाची सीडी.

"बसा," गोखले म्हणाले. गोखल्यांना काही विचारलं की ते उगमापासून सुरू करतात. "तर पूर्वी या खेळात बॉल पुढे फेकायला बंदी होती. इतकी पोरं मरायला लागली की एकोणीसशे सहा साली शेवटी नियम बदलला..."

"गोखले, बहात्तर साल!"

"येतोय, येतोय. अलीकडे एक संघ लागोपाठ चार वर्षं फायनलला पोचला आणि चारही वेळा हरला! काय वाटलं असेल हो त्यांना?"

"मला आत्ता वाटतंय तसंच! बहात्तर!"

बहात्तरचा तो अजिंक्य संघ सापडला. फोटोत चाळीसेक धिप्पाड माणसं, एकाचीही सही नाही. साहेबांकडे कुणाची होती कुणास ठाऊक! मी घरी येऊन साक्षीपुरावे घेतले. नीता म्हणाली, "जिलबीसारखं काहीतरी होतं." मिनू म्हणाली, "इट स्टार्टेड विथ अ‍ॅन एल, बाबा. आय थिंक."

गोखल्यांनी धीर दिला. "थोर माणसाची सही कुणालाच वाचता येत नाही. तुम्ही एल काढा आणि पुढे जिलबी सोडून द्या. खलास!"

पुढचे दिवस मी कागद दिसेल तिथे एल काढून पुढे जिलब्या पाडत होतो. जेवताना बोटानं ताटात, गाडी चालवताना स्टिअरिंगवर. झोप लागेना, बसवेना. साहेब यायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, जाड काळं मार्कर घेऊन मी बॉलसमोर बसलो. पुसलं जाणार नाही अशी खात्री पाकिटावर दिलेलं मार्कर!

"आधी टोपण काढा," नीता म्हणाली.

"बोलू नकोस!"

"बाबा," मिनू दारातून म्हणाली, "इज धिस फोर्जरी?"

मी दचकलो, आणि हात जो सुटला तो पंधरा वर्षांच्या सवयीनं सुटला. रोज दहा टाइमशीटवर होते तशी, ऐटबाज, वळणदार, खाली एक रेघ, रेघेखाली दोन ठिपके. माझी स्वतःची सही!

मी पुन्हा औषध आणि कापूस घेतला, तर आता शाईऐवजी चामडंच सुटायला लागलं.

"थांबा!" नीता ओरडली. "नाहीतर उद्या बॉलपण नसेल!"

शनिवारी सकाळी साहेबांनी पिशवी उघडली. टेबलावर माझा अर्ज होता, आणि त्यावर त्यांचं पेन. त्यांनी बॉल फिरवला. थांबले. चष्मा लावला. मग ट्रेमधून कालपरवाचं एक टाइमशीट काढलं आणि बॉलशेजारी धरलं.

"मिस्टर कॅनी," ते सावकाश म्हणाले, "सेव्हंटी-टूमध्ये तू कुठल्या पोझिशनला खेळायचास?"

"सर, तेव्हा मी साताऱ्यात सहावीत होतो."

आणि मग बांध फुटल्यासारखं मी सगळं सांगून टाकलं. दसरा, चिंच, कापूस, एल, जिलबी.

"म्हणजे तू माझ्या बॉलची पूजा केलीस?"

"हो सर. हळद-कुंकू वाहून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मी अकरा वर्षांचा होतो. सहीसाठी दोन तास उभा होतो. त्या खेळाडूनं माझं नाव विचारलं होतं." मला तेव्हा खरंच रडू आलं. बदली गेली तर गेली, पण त्या अकरा वर्षांच्या पोराची मी माफी मागायला हवी होती. ती मी मागितली.

साहेबांनी माझा अर्ज पुढे ओढला.

"अल ऐन इथून किती लांब आहे?"

"चार तास, सर."

"अजून लांब काही नाही का?"

"कंपनीचं नाही, सर."

त्यांनी खाडकन सही केली. (वाचता येत नव्हती. थोर माणूस!) मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून हसण्याचा आवाज आला, आधी बारीक, मग अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा.

आम्ही अल ऐनला गेलो आणि तिघं एकत्र राहिलो. पुढे साहेब निवृत्त होऊन टेक्सासला गेले. तिथून त्यांनी एकदा फोटो पाठवला. दिवाणखान्यात काचेचं कपाट, कपाटात तो बॉल. पाहुणे सही बघून विचारतात, हा कोण? साहेब गंभीरपणे सांगतात, त्या अजिंक्य संघाचा भारतातला खेळाडू. तेव्हा अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात टेक्सासमधल्या एका दिवाणखान्यापुरता का होईना, साताऱ्याचा एक कानिटकर आहे, ज्यानं जन्मात बॉलला हात लावला तो फक्त घासायला!