डावा कौल

आमच्या दाभोळात तेव्हा कौलाशिवाय पान हलत नसे. सोयरीक असो, विहीर असो, नवं गलबत असो, आधी गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लोकल बोर्डाने मोठ्या बायकांसाठी दुपारचा वर्ग काढला, मास्तरीण दिली, पाट्या दिल्या, तेव्हाही गावाने कौल लावलाच. डावी पडली. बोर्डाचे मेंबर हसले. "सरकारी वर्गाला कसला कौल?" त्यांचं काय जात होतं हसायला! ते रत्नागिरीला गेले आणि तो डावा कौल आम्हाला निस्तरायला राहिला.

तरी चार-पाच बायकांबरोबर माझी मोठी जाऊ वर्गाला गेलीच. दीर गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके. मलबारला निघण्याआधी त्यांनीच तिचं नाव घातलं होतं. मी तिच्या सोबतीला. तिला अक्षरांचं वेडच लागलं. चुलीपुढच्या राखेत बोटाने गिरवत बसायची. सासूबाई म्हणायच्या, "गिरव गो, गिरव. माझा लेक पाण्यावर हाय, येवढं ध्यानात ठेव."

वैशाख सरत आला, पावसाआधी गलबतं घरी परतायची वेळ. एकेक गलबत खाडीत शिरलं, आमचं नाही. विहिरीवर जाऊ दिसली की बायका हंडे उचलून निघायच्या. तोंडावर कुणी काही बोलेना, त्याचाच मला संताप यायचा. शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत केल्या असत्या! वर्गात आता आम्ही दोघीच उरलो होतो.

एके सकाळी वारा फिरला, दर्या गढूळ झाला. जाऊ मला ओढत देवळात घेऊन गेली. नारळ ठेवून म्हणाली, "आई, त्यांना सुखरूप आण. मी पुन्हा अक्षर वाचणार नाही."

मी तिचा हात धरला. "अगो, असा नवस कोण बोलतं काय?"

"बोलले ते बोलले," ती म्हणाली.

वर्ग ओस पडला. बोर्डाचा शिपाई येऊन पाट्या घेऊन गेला.

आणि गलबत आलं. डोलकाठी मोडलेली, पण माणसं धड. सारा गाव धक्क्यावर लोटला. सासूबाईंनी लेकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. दीर हसत थेट जावेकडे आले आणि गलबतावर रंगवलेल्या नावाकडे बोट दाखवून म्हणाले, "हां, वाच बघू!"

अक्षरं ढोबळ, सोपी. तिचे ओठ हलू लागलेले मी पाहिले. मग तिने ते घट्ट मिटले.

"मला नाही येत," ती म्हणाली.