लाल दोऱ्याचा थर्मामीटर

"पोरीला आत आणू नगंस. खिडकीशी थांब," असं म्हणून कंपाउंडरनं थर्मामीटर दोऱ्याला धरून माझ्यापुढं लोंबकळत सोडला. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून पोरं त्याला उडवतात, तसा तो हवेत गिरक्या घेत होता. मी पदरात झेलला.

माझी बेबी तीन वर्षांची. दोन दिवस तापात. मी थर्मामीटर तिच्या काखेत दाबून धरला. मग त्याच्याच सांगण्यावरून गजांपुढं उंच धरला. त्यानं हातभर लांबून, मान वाकडी करून वाचलं.

"अठ्ठ्याण्णव. नॉर्मल हाय."

"आवं, हात लावून बगा की. तव्यावानी तापलीया."

"मी हात लावू व्हय?" तो हसला. आतल्या बाकावर दोघे-तिघे बसले होते, तेही हसले. "काचंला कळंना, आन् तुला कळतंय. चल, दोन रुपये काढ."

दोन रुपयांची नोट मात्र त्यानं माझ्या हातातून घेतली. नोटेला विटाळ नव्हता. फीसुद्धा गावाला जेवढी तेवढीच आम्हाला. एवढी समानता त्या दवाखान्यात होती.

पलूसजवळचं आमचं गाव. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, उसाला पुन्हा पाणी लागलं होतं. दवाखाना बागायतदारांच्या घरातल्या डॉक्टरांचा. ते सहा वर्षं विलायतेत नोकरी करून आलेले. गावासाठी पुढचं दार, बाक, पंखा. आम्हा महारवाड्यातल्यांसाठी मागची खिडकी. खिडकीच्या फळीवर एका बाटलीत औषधाच्या पाण्यात बुडवलेला एक थर्मामीटर, त्याला लाल दोरा. तो फक्त आमचा. आतल्या टेबलावरचा बाकी सगळ्यांचा.

आता एक कबुली देते, आणि तुम्ही हसलात तरी चालेल. आम्हाला त्या थर्मामीटरचा अभिमान होता. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा सासूनं वाड्याची ओळख करून देताना सांगितलं होतं, "आपल्याला निराळं काच हाय. गावातल्यांचं उष्टं आपल्या अंगाला लागत न्हाई." वाडा बौद्ध झाला होता, पण दसऱ्याची सवय सुटली नव्हती. खंडेनवमीला कोयते पुजून झाले की ती खिडकीपाशी जायची आणि त्या बाटलीवर झेंडूचं फूल ठेवून यायची. कंपाउंडर फूल काढायचाही नाही. त्यालाही गंमत वाटत असणार.

मी गोष्ट सांगायला बसले की हात नाचवते, नकला करते, कंपाउंडरची वाकडी मान तर माझी एवढी चांगली जमते की नातवंडं पुन्हा करायला लावतात. पण इथून पुढं सांगताना मी हात मांडीखाली दाबून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबी मला ओळखेना. डोळे उघडे, पण माझ्यावर ठरत नव्हते. ओठ काळपट. ती "आई" म्हणून कोपऱ्यातल्या रांजणाला हाक मारत होती. नवरा कारखान्यावर ऊस वाहायला गेलेला. मी तिला खांद्यावर टाकलं आणि पळत सुटले. मागून माझ्याकडंच राहणारे माझे वडील, आबा, हातात गरम चहाचा तांब्या घेऊन आले. माझ्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं, म्हणून.

आबा महायुद्धात रस्ते बांधणाऱ्या पलटणीत होते. इटलीत निमोनिया होऊन महिनाभर इस्पितळात पडलेले. त्या महिन्याची गोष्ट ते इतक्या वेळा सांगत की आम्ही वैतागायचो. "नर्स यायची. येका काचंनं ताप बगायची. आदी गोऱ्याच्या तोंडात, मग स्पिरिटात बुडवून गुरख्याच्या, मग माज्या. कवा कवा आदी माज्या. पैसा न्हाई, जात न्हाई, फकस्त कुटं दुकतंय ते इचारायची." आम्हाला वाटायचं, म्हातारा रंगवून सांगतोय.

खिडकीत पुन्हा तेच. दोरा, गिरकी, काख.

"अठ्ठ्याण्णव."

आबांनी थर्मामीटर माझ्या हातातून घेतला. उन्हाकडं धरून बघितला. मग तो तांब्यातल्या चहात बुडवला. तांब्या त्यांनी उपरण्यात धरला होता, इतका तो चहा कढत होता.

"आवं आबा, फुटंल की," कंपाउंडर म्हणाला.

"फुटायलाच पायजे. निदान पारा तरी वर पळाया पायजे." आबांनी तो बाहेर काढला, पुसला, त्याच्यापुढं धरला. "वाच."

अठ्ठ्याण्णव.

"हे मेलेलं हाय गड्या. कवापासनं?"

कंपाउंडरनं आत बघितलं, मग आवाज खाली आणला. "दोन वरसं झाली. सायबांना सांगितलं हुतं. खिडकीसाटी नवा कशाला, म्हनले."

दोन वर्षं. मी तिथं उभी राहून आठवू लागले आणि थांबता येईना. बायजाआजी नॉर्मल. धोंडूकाका नॉर्मल. शेजारच्या शेवंताचा पाच वर्षांचा पोरगा गेल्या श्रावणात चार दिवस नॉर्मल होता. गेला त्या सकाळीही नॉर्मल होता. शेवंता त्याला खिडकीपासून परत नेताना मला म्हणाली होती, "ताप न्हाई म्हनत्यात बया, उगंच भ्याले मी."

माझ्या खांद्यावर बेबीचा श्वास भाजत होता. भीतीनं माणूस पळतं असं म्हणतात. मीही पळाले. पुढच्या दाराकडं.

डॉक्टर दारात आडवे आले. रागावले नव्हते, तेच वाईट. शांतपणे म्हणाले, "बाई, आत येऊ नका. आत पेशंट बसलेत."

आत पेशंट बसले होते. मग माझ्या खांद्यावर काय होतं?

मी त्यांना धक्का दिला नाही. वाकून त्यांच्या हाताखालून गेले, शेळी कुडाच्या फटीतून जाते तशी. बाकावरची माणसं पाय वर घेऊन बसली. टेबलावरच्या ग्लासातला थर्मामीटर मी उचलला आणि बेबीच्या काखेत ठेवला. तो मोडेल म्हणून मी भीत होते, आणि पारा चढेल म्हणून त्याहून जास्त. दोन मिनिटं तो तसाच दाबून धरला. पंखा फिरत होता. पारा चढला. मला तो वाचता येत नव्हता. मी तो डॉक्टरांच्या डोळ्यांपुढं धरला.

"वाचा."

त्यांनी वाचला. "एकशे चार."

"ह्यो पन नॉर्मल हाय का?"

ते म्हणाले, सांगलीला न्या. एसटीत आबा पुढं, मी मागं, मांडीवर बेबी. वीस मैल मी तिच्या नाकापुढं बोट धरून बसले. सांगलीच्या सरकारी दवाखान्यात एका नर्सनं तिला माझ्याकडून दोन्ही हातांनी घेतलं. कोण, कुठली, काही न विचारता. मी तिथंच फरशीवर बसले. आबांकडं बघितलं. इटलीची गोष्ट त्यांनी रंगवलेली नव्हती. टायफॉइड निघाला. नर्सबाई म्हणाली, दोन दिवस आधी का नाही आणलंत?

बेबी वाचली.

दोन महिन्यांनी शाळेच्या पटांगणात डॉक्टरांचं व्याख्यान होतं. विषय, विलायतेतली आरोग्यसेवा. वाडा मागं उभा राहून ऐकत होता. डॉक्टर छान बोलले. तिथं ऑपरेशनलाही पैसा पडत नाही. खाणीतला मजूर आणि उमराव एकाच वॉर्डात, शेजारच्या खाटांवर. दार कुणालाच बंद नाही. टाळ्या पडल्या. हेडमास्तर म्हणाले, कुणाला शंका असतील तर विचारा.

मी माणसांतून वाट काढत पुढं गेले.

"डॉक्टरसायेब, शेवंताचा पोरगा तुमी ज्या देशात मारला, तितलं बी सांगा की."

हेडमास्तर म्हणाले, "बाई, खाली बसा." दोन-तीन जण ओरडले, खाली बस. गावातली काही माणसं उठून माझ्याकडं यायला लागली. उसाचे मळेवाले, माझ्या नवऱ्याला कामावर घेणारे. मला वाटलं, आता संपलं. तेवढ्यात शेवंता येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. तिच्या मागं आबा. मग वाडाच पुढं आला.

डॉक्टर पाणी प्यायले आणि मोटारीत बसून गेले.

त्या हंगामात आमच्या वाड्यातल्या कुणालाही गावात काम मिळालं नाही. खिडकी मात्र विटांनी बुजवली गेली, आणि आम्ही पुढच्या दारानं जाऊ लागलो. एकेकटे नाही. एकाला ताप आला की वीस जण जायचो.

आता तिथं डॉक्टरांचा मुलगा बसतो. शेवंताच्या पोराचा प्रश्न मी त्यालाही विचारते, भरल्या दवाखान्यात, सगळ्यांदेखत. तो म्हणतो, आजी, जुन्या गोष्टी सोडा. मी सोडणार नाही. उत्तर येईपर्यंत विचारणार, आणि माझ्यानंतर बेबी विचारणार. त्या दोन दिवसांच्या तापानं तिचे दोन्ही कान अधू झालेत. ती बोलते ते चावडीपर्यंत ऐकू जातं.