खुशी कुणाची?

दवाखान्याच्या पत्रात 'स्वखुशीने रुग्ण नेत आहोत' हे नेमकं कुणाच्या खुशीनं लिहिलं जातं? फिनेलचा वास आला की सोलापुरातला तो उकडता व्हरांडा आठवतो. कापडाच्या मागावर जन्म काढलेले शेजारचे काका आत धापा टाकत होते. व्हेंटिलेटर बंद पडल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना दुसरीकडे न्यायला सांगितलं होतं. "स्वखुशीने म्हणून लिही, लवकर," क्लार्क मला म्हणाला; काकूंना लिहिता येत नसल्यानं पत्र माझ्याकडे होतं. काकू उसळल्या, "मशीन तुमचं बंद, आन खुशी आमची व्हय रं?" मी मशीन बंद असल्याचंच लिहिलं. क्लार्कनं कागद परत ढकलला. "मग 'स्वखुशीने' लिहून तूच सही कर की," काकू त्याला म्हणाल्या, तेव्हा त्यानं माझ्याच कागदावर शिक्का मारला. आज अशी पत्रं लिहायला लोक मला बोलावतात, पण मी कुठंकुठं पोचणार? तुमच्यावर वेळ आली तर खरं कारण लिहा आणि शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय हलू नका.