गरम जॉब मोजू नये

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते, त्यात मला संकोच वाटत नाही. वडील लातूरकडून भोसरीला आले ते सातवी पास होऊन, आणि तीस वर्षं एकाच वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहिले. मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि चाकणच्या एका कंपनीत आवक तपासणीला लागले. बाहेरून येणारा माल मोजायचा, बरोबर असेल तर आत घ्यायचा, नसेल तर परत पाठवायचा, हे माझं काम. पुरवठादार मालाबरोबर स्वतःचा तपासणी अहवाल पाठवतो. तो आम्ही फाईलला लावतो, पण त्याच्या भरवशावर एकही नग आत घेत नाही.

तर गेल्या वर्षी साहेबांनी मला बोलावून सांगितलं की पुरवठादारांकडे जाऊन तपासणी करण्याची जागा रिकामी होतेय. पगार वाढणार होता. आमच्याकडे त्या जागेवर तोवर एकही बाई गेलेली नव्हती. अट एकच, गाडी स्वतःची हवी. आज तळेगाव, उद्या राजगुरुनगर, परवा रांजणगाव, असं दिवसाला सव्वाशे-एकशे तीस किलोमीटर फिरणं होतं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी गाडी घेऊन ये, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असं त्यांनी सरळ सांगितलं. मलाही सरळ बोललेलं आवडतं.

नवी गाडी आवाक्याबाहेर होती, आणि एवढं रोजचं पेट्रोल परवडणारं नव्हतं. म्हणून जुनी इलेक्ट्रिक बघायची ठरवली.

आता आमच्या दिघीच्या गल्लीत कुणीही जुनी गाडी घेतली की आधी माझ्या वडिलांना घेऊन जायचा. ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळानं काय ते सांगायचे. या ऐकण्यावर त्यांनी कितीतरी जणांचे व्यवहार जुळवले होते आणि तितकेच मोडले होते. त्या दिवशीही तो स्क्रू ड्रायव्हर त्यांनी पिशवीत घालून आणला होता.

मोशीच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचा एक व्यापारी आहे. त्याच्याकडची पांढरी गाडी मला फोटोतच आवडली होती. त्यानं बटण दाबलं आणि म्हणाला, चालू झाली. वडिलांनी बॉनेट उघडायला लावलं, आत पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रू ड्रायव्हर पिशवीतच राहू दिला. मग ते मागच्या सीटवर जाऊन बसले. खरं सांगायचं तर मला तेव्हा जरा बरंच वाटलं. म्हटलं, ही गाडी आपल्या शिक्षणाची आहे.

मी यादी करूनच गेले होते. खाली वाकून बॅटरीच्या पेटीला दगडाचा मार लागलाय का ते पाहिलं. टायरची झीज पाहिली, कारण या गाड्या वजनदार असतात आणि टायर लवकर खातात. चार्जिंगची केबल सोबत मिळणार का, बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, तिची मुदत किती उरलीय, सगळं विचारलं. शेवटी व्यापाऱ्यानं एक छापील कागद पुढे केला. बॅटरीची तब्येत चौऱ्याण्णव टक्के. समोरच्या पडद्यावर आकडा होता दोनशे दहा किलोमीटर. मला लागणार एकशे तीस. मी हो म्हणून टाकलं.

पुढचे चार दिवस घरात नुसती धांदल. गाडी दसऱ्याला घरी येणार हे वडील गल्लीभर सांगून आले. आईनं झेंडूची फुलं सांगून ठेवली, नारळ आणला, चाकाखाली ठेवायला लिंबंही. सोसायटीच्या अध्यक्षांकडे तीन चकरा मारून मी पार्किंगमध्ये चार्जिंगचं सॉकेट बसवून घेतलं, त्याला वेगळं अर्थिंग करून घेतलं. ते सॉकेट बघायलाही लोक आले.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी सकाळी चहा पिताना वडिलांनी विचारलं, त्या माणसानं तो दोनशे दहाचा आकडा दाखवला तेव्हा गाडी किती चार्ज होती? म्हटलं, पूर्ण. नुकतीच काढली होती चार्जवरून. त्यांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजे गरम जॉब मोजलास तू," ते म्हणाले. "गरम जॉब मोजू न्हाई. तुला कुणी शिकवलं न्हाई का हे?"

ज्यांनी लेथ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. कापताना लोखंड तापतं आणि तापलं की फुगतं. मशीनवरून नुकताच उतरवलेला तुकडा, म्हणजे जॉब, मोजला तर माप बरोबर भरतं, आणि निवल्यावर तोच तुकडा कमी पडतो. त्यामुळे जाणता कारागीर थांबतो. आमच्या खात्यात तर माल ठरावीक तापमानाच्या खोलीत तासन् तास ठेवल्याशिवाय हातात घेत नाहीत. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, कॉलेजनं नंतर.

मी आत जाऊन तो चौऱ्याण्णव टक्क्यांचा कागद परत पाहिला. मोजणी कुणी केली ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तारीख होती, पण ती मागच्या दिवाळीच्याही आधीची. असा अहवाल कुठल्या पुरवठादारानं पाठवला असता तर मी त्याला फोनवर काय काय ऐकवलं असतं. आणि इथे विकणाऱ्याचाच कागद बघून मी हो म्हणून बसले होते, कारण दसरा जवळ आला होता आणि फुलं सांगून झाली होती.

मी व्यापाऱ्याला फोन केला. गाडी पूर्ण चार्ज करून ठेवा, तुमच्यासह चौघं बसणार, एसी चालू ठेवणार, राजगुरुनगरला दोनदा जाऊन येणार, बॅटरी संपत येईपर्यंत खरंच किती चालते ते बघणार, असं कळवलं.

"ताई, गाडी घेताय का पीएचडी करताय?" तो म्हणाला. पण आला. गाडी त्याची असल्यामुळे तो माझ्या शेजारी बसला, मागे आई आणि वडील.

पहिली फेरी झकास झाली. आई खिडकीतून शेवंतीचे ढीग बघत होती, व्यापारी मला या रस्त्यावरच्या जमिनींचे भाव सांगत होता. निम्मी बॅटरी उतरेपर्यंत आकडा सावकाश खाली येत होता. मग तो धावायलाच लागला. दुसऱ्या फेरीत परत येताना चाकणच्या चौकात कंटेनरच्या मागे अडकलो, आणि जागेवर उभ्या उभ्या तीन टक्के गेले. व्यापाऱ्यानं हळूच एसी बंद केला. वडिलांनी मागून हात लांब करून तो परत चालू केला. मोशीला पोचलो तेव्हा बॅटरीची निशाणी लाल झाली होती आणि सगळे मिळून एकशे चार किलोमीटर झाले होते.

मी विचारल्यावर त्यानं सांगितलं की गाडी आधी टॅक्सीला होती, आणि रोज दोनदा जलद चार्जरवर लागायची. त्यानं बॅटरी लवकर थकते. आधी का नाही सांगितलं म्हटलं, तर म्हणाला, तुम्ही कुठं विचारलं. ते मात्र खरं होतं. माझ्या यादीत गाडीची सगळी अंगं होती, तिचं आधीचं आयुष्य नव्हतं. त्याला मी लबाड म्हणणार नाही. दिघीहून भोसरीला जाऊन येणाऱ्या माणसाला ती गाडी अजून काही वर्षं पुरली असती. मला पुरणारी नव्हती.

परत येताना रिक्षा केली. गाडी सोडली तर जागा जाणार होती, हे तिघांनाही माहीत होतं. घेतली तर सोमवारी साहेबांना गाडी दाखवता आली असती, आणि मंगळवारी मी तळेगावच्या अलीकडे कुठेतरी रस्त्याच्या कडेला उभी असते. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही सगळ्यांना सांगून बसलाय."

"सांगणारा मी," ते म्हणाले. "काय सांगायचं ते मी बघतो. तू तुझं काम कर."

दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायला येणारा प्रत्येक जण आधी पार्किंगमध्ये डोकावून मग वर येत होता. गाडी कुठंय राव, असं विचारणाऱ्याला वडील एकच उत्तर देत होते: लेकीनं रिजेक्ट केली. हे ते असं सांगत होते की ऐकणाऱ्याला वाटावं, गाडी आणण्यापेक्षा ही मोठी गोष्ट. आणलेली फुलं वाया कशी घालवायची म्हणून आईनं खाली जाऊन सॉकेटलाच हळदकुंकू वाहिलं, माळ घातली. ते मात्र मला बघवलं नाही.

सोमवारी साहेबांना जे झालं ते सांगितलं, आकड्यांसकट. ते हसले नाहीत आणि शाबासकीही दिली नाही. महिनाअखेरपर्यंत स्कूटरवर जमतंय का बघ, म्हणाले, पुढे मी थांबू शकत नाही. त्या तीन आठवड्यांत माझ्या पाठीचं काय झालं ते लिहीत नाही.

महिना संपायला तीन दिवस उरले असताना पिंपळे गुरवच्या एका निवृत्त जोडप्याची गाडी कळली. घरच्याच सॉकेटवर रात्रभर सावकाश चार्ज होणारी, आठवड्यातून दोनदा बाहेर पडणारी. या वेळी मी आधी गाडीची हकीकत विचारली, मग पूर्ण चार्ज करून बॅटरी संपत येईपर्यंत चालवून बघायला मागितली. पडद्यावरचा आकडा त्या पांढऱ्या गाडीपेक्षा कमी होता, एकशे नव्वद. चालली एकशे छप्पन्न, आणि तरी बॅटरी थोडी शिल्लक होती.

वडील मागेच बसले होते. नाशिक रस्त्याला लागल्यावर आरशात पाहिलं तर त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोप लागली.

"डाव्या अंगाला, मागच्या चाकाची बेअरिंग गेलीय," ते डोळे न उघडता म्हणाले.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. शेजारी गाडीचे मालक काका बसले होते, त्यांनाही नाही. मी विचारलं, एवढं बारीक कसं कळलं तुम्हाला?

"मधी इंजिन न्हाई ना बोंबलायला."

बेअरिंग खरंच गेलेली होती. काकांनी ती बदलून दिली आणि बुधवारी, कसलाही मुहूर्त नसताना, गाडी आमच्या सॉकेटला लागली. माळेचा सुकलेला दोरा अजून तिथेच होता. गुरुवारी मी तिच्यातून पहिल्यांदा तळेगावला तपासणीला गेले.