त्या आवाजात ‘न्हाय’ नव्हतं

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांना मारणाऱ्यांविरुद्ध पत्रक लिहीत होते. ‘हल्ल्यात जखमी’ हे शब्द खोडले आणि ‘खून’ लिहिलं. शोकसभेत मात्र जो तो ‘दुर्दैवी घटना’ म्हणत होता. दुर्दैव कसलं? चार जणांनी व्यंकट माळी सरांना एसटी स्टँडवर पाडलं, लोखंडी पाइपनं डोकं फोडलं, रक्त कानातून वाहत होतं, आणि बघणाऱ्यांनी मोबाइल वर धरले...

सर धाराशिवच्या कॉलेजात आम्हाला संख्याशास्त्र शिकवायचे. शनिवारी पुस्तक बंद. त्या दिवशी आकडे कसे फसवतात, एआयचं उत्तर कसं तपासायचं, हे चालायचं. एकदा एका पोरानं एआयकडून जिल्ह्यांची यादी करून आणली. तिच्यात धाराशिव वेगळा, उस्मानाबाद वेगळा! “लई बेस. आता कलेक्टरबी दोन मागा,” सर म्हणाले. वर्ग खिदळला. “हसताव काय? यंत्राला आपला जिल्हा ठावं न्हाय. तुमाला हाय न्हवं? मग तपासलं का न्हाय?” मला तर सोडायचेच नाहीत. “पोरी, तुझं पत्रक आधी येतं, पुरावा मागच्या एसटीनं.”

मग तेरच्या वाटेवरच्या एका गावात सरांनी आम्हाला पाठवलं. अठराच्या आत लग्न लावून दिलेल्या मुली मोजायला. मोजल्या. गावातल्या बड्या माणसांना ते झोंबलं. आठवड्यात एक क्लिप फिरली. सरांच्या आवाजात त्या गावच्या बायकांना घाणेरड्या शिव्या. मीही ऐकली, पेटले, आणि ‘असला गुरू नको’ असं लिहून सगळ्या ग्रुपवर ढकलली. दुसऱ्या दिवशी ते चौघं स्टँडवर आले.

सर गेल्यावर पत्रकासाठी ती क्लिप पुन्हा ऐकली. गळा हुबेहूब सरांचा. पण तो म्हणत होता ‘नाही’, ‘कुठे’, ‘मी सांगतो’. सर प्राचार्यांपुढंही ‘न्हाय’च म्हणायचे! तो गळा एआयनं बनवलेला होता, आणि त्यांच्याकडं शिकूनही मला हे आधी ऐकू आलं नव्हतं. पोलिसांना सांगितलं तर म्हणाले, “बोलण्यावरनं काय सिद्ध होतंय?” आणि गावात अजून चालूच होतं : बोलला म्हणून मार खाल्ला.

क्लिप आली त्या संध्याकाळी सरांनी मला एक व्हॉइस मेसेज पाठवला होता. रागात मी तो उघडलाच नव्हता. गेल्या रविवारी त्या गावच्या चौकात स्पीकर लावला. आधी ती क्लिप वाजवली, ती पसरवणाऱ्यांत मीही होते हे माझं नाव घेऊन सांगितलं, आणि मग सरांचा मेसेज पहिल्यांदाच लावला : “पोरी, म्या असं बोलंन व्हय? नीट ऐक की एकदा. त्यो म्या न्हाय.”

ओट्यावरची एक म्हातारी उठली. “ह्यो खरा सर हाय. मग त्यो कोण व्हता रं?”

मोबाइलवर त्या मेसेजशेजारचा माइक निळा झाला होता. ऐकला, असं सरांना कळवणारा.