फवारणी थांबली की डोंगर

किस्से आम्ही मुद्दाम जमवत नाही. पाऊस लागला, फवारणी थांबली की आम्ही तिघं डोंगरात जातो आणि घरी येईपर्यंत पँटला कुसळं चिकटावीत तसा एखादा किस्सा चिकटलेला असतो. तिघं म्हणजे मी, गणेश आणि सलीमभाई. गणेश नि मी कपाशीवाले. सलीमभाई मोटरपंप दुरुस्त करतो. डोंगर अजिंठ्याचे, गावाच्या दक्षिणेला. हे किस्से गणेशचं लग्न जमता जमत नव्हतं त्या मोसमातले. पोरीकडच्यांना कपाशीवाला नको होता.

* * *

जंगलात वाट चुकू नये म्हणून आम्ही कपाशीच्या बीटी बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या फांद्यांना बांधायचो. एकदा फॉरेस्ट गार्डनं अडवलं. त्याला वाटलं, आम्ही जंगलात कपाशी लावली!

सलीमभाई शांतपणे म्हणाला, "साहेब, वावरात खत देऊन येऊन नाही राह्यली, इथं फुकटात काय येईन?"

गार्डनं मग स्वतःच्याच वावराचं रडगाणं सुरू केलं. उतरायला संध्याकाळ झाली.

* * *

झाडीत एक जुनी बारव आहे, कोनाड्यांत कोरीव मूर्ती असलेली. कॉलेजचे एक सर फोटो काढत होते. आम्ही तिघं काठावर पालथे पडून पाणी किती खोल आहे ते बघत होतो. सरांनी कौतुकानं विचारलं, काय वाटतं हे पाहून?

गणेश म्हणाला, "पाच एचपीची मोटर आरामात चालन."

* * *

डोंगरातल्या देवीला गणेशनं लग्नासाठी नवस बोलायचं ठरवलं. आत गेला तो बाहेरच येईना. सलीमभाई आमच्या चपला सांभाळत बसलेला. शेवटी गणेश आला, तेव्हा सलीमभाईनं विचारलं, एवढं काय मागत होतास?

"पहिले बोंडअळीचं सांगतलं."

"अन् पोरीचं?"

"ते राहूनच गेलं."

* * *

तरी पोळ्यानंतर देऊळगाव राजाकडचं एक स्थळ आलं.

आमच्याकडं पोरीचा बाप घराआधी वावर पाहतो. गणेशच्या कपाशीवर तर लाल्या आलेला, पानं पार लाल. म्हणून आम्ही ठरवलं, पाहुण्यांना वावराऐवजी धबधबा दाखवायचा. पोरगीही सोबत आली होती, वर्षा. सलीमभाईनं आपल्या टेम्पोतून सगळ्यांना पायथ्यापर्यंत नेलं.

धबधब्याच्या माथ्यावर पोहोचलो आणि पाहुणे उलटे वळले. तिथून आख्खं शिवार दिसतं, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही तिथं नेहमी वावराकडं पाठ करून बसतो!

"ते लाल पडलेलं वावर कोणाचं?" पोरीच्या बापानं विचारलं.

परक्या माणसासमोर मला बोलणं सुचत नाही. पण गणेशला वाचवायला मी म्हणालो, "माझं."

"लग्न झालं का तुमचं?"

"नाही."

"बरोबर."

गणेशला ते सहन झालं नाही. "काका, ते माझं हाय. याचं त्याच्या बाजूचं."

पाहुण्यांनी बाजूचं पाहिलं. "ते तर त्याहून लाल हाय."

तेवढ्यात वर्षानं गणेशला विचारलं, "हे पाणी बाराही महिने राह्यते का?"

सलीमभाईनं त्याला मागून कोपर मारलं. हो म्हण, असा त्याचा अर्थ.

गणेश म्हणाला, "नाही. दिवाळीपर्यंतच. मंग नुसता दगड."

सलीमभाईनं कपाळाला हात लावला.

वर्षानं चपला काढल्या, पाण्यात पाय सोडले आणि वळून बापाला म्हणाली, "बाबा, साखरपुडा दिवाळीच्या आत धरा."